खिडक्या बदलताय? आधी फूटपट्टी घ्या

गेल्या पावसाळ्यात अम्मींचा पलंग आम्ही तीनदा सरकवला. खोली पश्चिमेची, झडपा फुगलेल्या, त्यात वाऱ्याबरोबर तिरकी झड आली की पाणी थेट गादीवर. अम्मींचा खोकला दसऱ्यापर्यंत हटला नाही. तेव्हाच ठरवलं, पुढच्या पावसाआधी घराच्या पाचही खिडक्या बदलायच्या.

आमच्यासारखी अडचण भोर-वेल्ह्यात अनेक घरांत आहे. भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे दोन्ही तालुके सह्याद्रीला टेकलेले. वरंधा घाटाकडे किंवा तोरण्याच्या पायथ्याकडे जावं तसा पाऊस वाढत जातो. पुणे शहरात निभावणारी खिडकी इथे निभावेलच असं नाही. म्हणून इथे खर्चाचा हिशेबही वेगळा करावा लागतो.

पहिला धडा आम्हाला मापातच मिळाला. ॲल्युमिनियमच्या खिडकीचा दर चौरस फुटावर असतो. माप घ्यायला आलेल्या कारागिराने प्रत्येक खिडकी चार बाय चार लिहिली. आम्ही स्वतः टेप लावला, तर ती पावणेचार बाय पावणेचार भरली. म्हणजे १६ ऐवजी १४ चौरस फूट. पाच खिडक्यांत जवळजवळ १० फुटांचा फरक! हिशेब कळावा म्हणून दर ४०० रुपये धरला, तर हे सुमारे ३,९०० रुपये होतात. काही ठिकाणी माप असं पुढच्या फुटात धरण्याची रीत असते. त्यात लबाडीच असते असं नाही, पण दर ठरवण्याआधी ‘माप कसं धरणार?’ हे विचारायलाच हवं.

दुसरा धडा, फुटाचा दर म्हणजे खिडकीची किंमत नव्हे. ८० फुटांचे ३२,००० झाले, त्यावर १८ टक्के जीएसटी ५,७६०. जीएसटी लावत असतील तर पक्कं बिल मागावं. पुढे मच्छरजाळीसाठी तिसरा ट्रॅक, जुनी चौकट काढणं, गवंड्याची मजुरी, प्लास्टर, रंग आणि टेम्पो हे सगळं निराळं. लोखंडी ग्रिल बहुधा किलोवर मिळतं. १० मिलिमीटरच्या चौरस गजाचं वजन मीटरला पाऊण किलोहून थोडं जास्त भरतं. चार बाय चारच्या खिडकीला चार इंचांवर गज लावले, तर साधारण १५ किलो लोखंड लागतं. हा आकडा माहीत असला की काट्यावर फसगत होत नाही.

टेम्पोचं भाडं वेल्ह्याच्या आतल्या गावांत जास्त जाणवतं. एका खिडकीसाठी गाडी आणण्यापेक्षा शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून काम काढलं, तर भाडं वाटून जातं.

तिसरा धडा दिला आमच्या ओळखीच्या सुतारकाकांनी. त्यांनी चौकटीला टोचा मारून पाहिला आणि म्हणाले, “तीन खिडक्या अस्सल सागवानी आहेत. लाकूड कडक आहे. भंगारात काय येणार? बिजागऱ्या बदला, झडपा रंधून तेल पाजा.” मात्र रंधा पावसाळ्यात मारू नये. फुगलेलं लाकूड तासलं, तर उन्हाळ्यात फटी पडतात. काम दिवाळीनंतर काढावं.

उरल्या पश्चिमेच्या दोन खिडक्या. त्यांच्या चौकटी खालून कुजलेल्या होत्या, त्या बदलणं भागच होतं. तिथे आम्ही चार गोष्टी धरून ठेवल्या. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायला भोकं हवीत, नाहीतर ट्रॅक भरून पाणी घरात येतं. खिडकीखालच्या फरशीला बाहेर उतार हवा. चौकट आणि भिंत यांच्यातली फट सिलिकॉनने भरलेली हवी. आणि ॲल्युमिनियमची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून हवी, कारण स्वस्त दराचं गुपित बहुधा पातळ पट्टीत असतं. यूपीव्हीसी घेणाऱ्यांनी आत लोखंडी पट्टी आहे का, ते पाहावं.

आणखी एक. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. स्वयंपाकघरात धूर असतो, तिथे झडपांची खिडकी बरी. झडपा बाहेर उघडणार असतील, तर ग्रिल आतून बसवावं लागतं. रस्त्याकडच्या खोलीत खालच्या भागाला धुरकट काच लावली, तर उजेडही येतो आणि पडदाही राहतो.

पाचऐवजी दोनच खिडक्या नव्या झाल्या. वाचलेल्या पैशांतून त्या दोन्हींवर छज्जा पुढे काढून घेतला. खरं तर पाणी अडवण्याचं निम्मं काम छज्जाच करतो.

सगळं कागदावर लिहून घेतलं: माप, जाडी, काचेची जाडी, काय धरलंय, काय निराळं, आगाऊ किती, उरलेले कधी. शेवटचा हप्ता आम्ही खिडकीवर बादलीभर पाणी मारून पाहिल्यावरच दिला. कारागीर हसले, पण त्यांनीच बादली भरून आणली. व्यवहार लिहून ठेवण्यात अविश्वास नाही. आपल्या दीनने तेच शिकवलं आहे, आणि त्यात दोघांचीही सोय असते.

यंदा आषाढात तशीच झड आली. अम्मींनी पहाटे उठून खिडकीखाली हात फिरवला, कोरडा निघाला. “अल्हम्दुलिल्लाह,” एवढंच म्हणून त्या वजू करायला गेल्या. पलंग अजून जागेवरच आहे.