विश्लेषण : पेंग्विन पाहायला लहानच जहाज का?

अंटार्क्टिकाला जाणारे बहुतेक पर्यटक अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उश्वाया बंदरातून निघतात. ड्रेक सामुद्रधुनीचा खवळलेला समुद्र ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात. एवढे करून किनाऱ्यावर किती वेळ मिळणार, हे जहाजाच्या आकारावर ठरते.

नियम काय आहे?
अंटार्क्टिक करारातील देशांनी २००९ मध्ये ठरवल्यानुसार ५०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजातून कुणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही. इतर जहाजांनाही एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी उतरवता येतात. म्हणजे जहाजावर १०० प्रवासी असतील, तर सगळे रबरी बोटींतून एकाच फेरीत उतरू शकतात; ४०० असतील, तर पाळी येईपर्यंत जहाजावरच थांबावे लागते.

उतरल्यावर काय पाळायचे?
पेंग्विनपासून किमान पाच मीटर अंतर ठेवायचे. तो चालत आला, तर वाट त्याची. २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर बर्ड फ्लूचा विषाणू आढळला. त्यामुळे जमिनीवर बसण्यास किंवा बॅग ठेवण्यास मनाई असते आणि बूट जंतुनाशकाने धुवावे लागतात.

कधी जावे?
हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पिल्ले पाहायची असतील तर जानेवारी, व्हेलसाठी फेब्रुवारी-मार्च.

आरक्षण करताना खोलीला बाल्कनी आहे का, हे नंतर विचारा. आधी विचारा, जहाजावर प्रवासी किती?