मेंदीची ओवाळणी
दीपावलीचा आनंद आपल्या उंबरठ्याशीच थांबू नये, हाच या सणाचा खरा संस्कार. १९०९ साली स्थापन झालेले अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजेच आजचे पुणे विद्यार्थी गृह, सदाशिव पेठेत लोकाश्रयावरच वाढले. निराधार बालकांच्या निधीसाठी भरणाऱ्या आनंदमेळ्यात मुलांच्या हातांवर विनामूल्य मेंदी रेखणारी भगिनी तोच वारसा चालविते; नक्षीचे मोल थेट निधीच्या पेटीत पडते.

दान सत्पात्री असावे, तसेच ते शुद्धही असावे. पानांच्या मेंदीचा रंग केशरी-तांबूस येतो व दुसऱ्या दिवशी गडद होतो. तथाकथित ‘काळ्या मेंदी’तील रसायनाने मात्र कोवळ्या त्वचेवर फोड उठू शकतात, ती कटाक्षाने टाळावी.

पंधरवड्यात नक्षी पुसून जाईल. पण भाऊबीजेची ही ओवाळणी एखाद्या पोरक्या बालकाच्या पाटी-पुस्तकांत टिकून राहील.