सुई कोणाच्या हाती?



माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, लोकांची गाऱ्हाणी ऐकता ऐकता आणि त्यांच्यासाठी कायद्याची पुस्तके चाळता चाळता. तेव्हा पशुवैद्यक शास्त्र सांगण्याचा अधिकार मला नाही. पशुवैद्याच्या शेजारी उभे राहून जनावर आवरणारा, लस टोचणारा, जखम धुणारा जो माणूस असतो, त्याच्याविषयी आज बोलणार आहे. परदेशात त्याला व्हेटरिनरी टेक्निशियन म्हणतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात याच जातीचे बरेचसे काम पशुधन पर्यवेक्षक करतो.

असाच एक पर्यवेक्षक एकदा माझ्याकडे आला. रात्रीची वेळ, नुकतीच व्यालेली गाय खाली बसलेली, मान पोटाकडे वळलेली, कान गार. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी यात ताप नसतो. रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, एकाएकी उतरतो. मालक हातापाया पडू लागला. डॉक्टर दूर होते, त्यांनी फोनवर "देऊन टाक" म्हटले. याने शिरेतून कॅल्शियम दिले आणि गाय गेली. हे औषध शिरेतून घाईने गेले तर हृदय बंद पडू शकते. ते घाईने गेले की गाय आधीच हाताबाहेर गेली होती, हे कोणालाच सांगता येईना. पण चौकशीत पहिला प्रश्न आला तो हा : "तुला हे करण्याचा हुकूम कोणी दिला?" लेखी काहीच नव्हते, आणि फोनवरचे बोलणे कोणाला आठवेना.

त्या दिवशी मी कायदा काढून वाचला. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम 1984 सालचा. त्याचे कलम 30 सांगते की, पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यानेच करावा. ही नोंदणी पदवीधराची. तो अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. मात्र त्याच कलमात एक सवलत आहे. पशुवैद्यकीय पर्यवेक्षक, स्टॉकमन किंवा स्टॉक असिस्टंट यांची पदविका वा प्रमाणपत्र ज्याच्यापाशी आहे, त्याला राज्य सरकार आदेश काढून किरकोळ पशुवैद्यकीय सेवा करण्याची मुभा देऊ शकते. किरकोळ म्हणजे काय, तर लस टोचणे, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशी प्राथमिक मदत, आणि सरकार राजपत्रात आणखी जे नमूद करील ते. यालाही अट आहे : हे सारे नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार झाले पाहिजे.

'किरकोळ' हा शब्द ऐकून हसू नका. 2019 साली देशभर लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांविरुद्ध लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला. ब्रुसेलोसिसची लस गाई-म्हशींच्या 4 ते 8 महिने वयाच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच देतात. ती जिवंत जंतूंची असते. वासराने उसळी मारली आणि सुई टोचणाऱ्याच्याच बोटात घुसली, तर त्या माणसाला तो रोग होऊ शकतो. लाळ गाळणाऱ्या गाईच्या घशात काही अडकले असेल म्हणून हात घातला आणि ती पिसाळलेली निघाली, तर प्रश्न जिवाचाच. म्हणून शिक्षण हवे. जनावर कसे आवरावे, लस 2 ते 8 अंशांच्या गारव्यात का ठेवावी, हातमोजे केव्हा चढवावेत, आणि मुख्य म्हणजे कोठे थांबून डॉक्टरला बोलवावे, हे त्या शिक्षणाचे सार आहे.

आता अमेरिकेत या धंद्याची घडी कशी बसवली आहे ते पाहू, म्हणजे आपली उणीव ध्यानात येईल. तेथे साधारणपणे दोन वर्षांचा, अमेरिकन पशुवैद्यक संघाने मान्य केलेला अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. मग राष्ट्रीय परीक्षा. त्यानंतर राज्याकडून परवाना किंवा नोंदणी मिळते. कोठे परवानाधारक म्हणतात, कोठे नोंदणीकृत, कोठे प्रमाणित. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि सर्वत्र सारखेच कडकही नाहीत. रोगनिदान करणे, औषध लिहून देणे आणि शस्त्रक्रिया करणे ही कामे मात्र डॉक्टरचीच. तोही डॉक्टरच्या देखरेखीखालीच काम करतो. पण जेथे परवाना आहे तेथे तो त्याच्या स्वतःच्या नावाचा असतो. चूक केली तर तो जाऊ शकतो. म्हणूनच "हे माझ्या परवान्यात बसत नाही" असे मालकाला सांगण्याचे बळही त्यातूनच येते.

संघटनेच्या कामात मी एक गोष्ट शिकलो. कामगाराच्या कामाची हद्द कागदावर नसली की काम त्याचे, दोषही त्याचाच, आणि श्रेय मात्र दुसऱ्याचे. काही मित्र म्हणतात, अटी कशाला, अनुभव आहे ना! मला ते पटत नाही. अनुभवी माणसालाही अट हीच ढाल असते. पण मग कायद्याने सांगितलेली देखरेख खरी हवी. चाळीस मैलांवरच्या डॉक्टरची कागदावरची सही म्हणजे देखरेख नव्हे. सूचना लेखी असावी. निदान फोनवरचा निर्देश त्याच दिवशी नोंदवहीत उतरावा आणि डॉक्टरने त्याखाली सही करावी. हद्दीबाहेरचे काम नाकारणाऱ्यावर कारवाई होऊ नये.

हे शहरातल्या तुम्हा मंडळींना का सांगतो? तुमच्या पेल्यातले दूध त्या गोठ्यातून येते, आणि तुमचा कुत्राही दवाखान्यात अशाच कोणा मदतनिसाच्या हाती असतो. पुढच्या वेळी तेथे जाल तेव्हा त्याला आदराने दोन प्रश्न विचारा : आपण शिकलात कोठे, आणि आपल्यावर देखरेख कोणाची? जो नीट शिकला आहे त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही. माझ्या त्या पर्यवेक्षकाला तर आनंदच झाला असता. गाय मरण्यापूर्वी हे कोणीच त्याला विचारले नव्हते.