नळाची धार बारीक का होते?

आमचे चोपडे गाव शापोरा नदीच्या काठी वसले आहे. पैलतीरावर शिवोली, ऐलतीरावर आमची माडांची बने. नदीचे पात्र बाराही महिने भरलेले असते. परंतु भरतीबरोबर समुद्राचे खारे पाणी आत शिरत असल्यामुळे ते पिण्याच्या उपयोगाचे नाही. पूर्वी गावाची सारी भिस्त विहिरींवर असे. आज चांदेल येथील जलशुद्धीकरण केंद्रातून पेडणे तालुक्याला नळाने पाणी मिळते. डोक्यावरची घागर उतरली, ही काही लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच नळाची धार बारीक झाली की सारे घर अस्वस्थ होते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी असेच झाले. स्वयंपाकघरातील नळाखाली 10 लिटरांची बालदी भरण्यास अडीच मिनिटे लागू लागली. आजी पुन्हा परसातल्या विहिरीवर जाऊ लागली. या वयात तिने दोर ओढावा हे कोणालाच बरे वाटेना. ‘एक पंप बसवा म्हणजे झाले,’ असा सल्ला काहींनी दिला. परंतु निदान होण्यापूर्वी औषध घेणे शहाणपणाचे नव्हे, असे ठरवून आम्ही शोधास लागलो.

प्रथम थोडे शास्त्र पाहू. नळाला येणारा पाण्याचा दाब टाकीच्या आकारावर नव्हे, तर तिच्यातील पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने हे तत्त्व स्पष्ट करून दाखविले. 10 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलोग्रॅम दाब देतो. आमच्या टाकीतील पाणी स्वयंपाकघराच्या नळापेक्षा साधारण 3 मीटर उंच. म्हणजे दाब अवघा 300 ग्रॅम. इतक्या अल्प भांडवलातून वाटेत फारसा खर्च होऊन चालत नाही. आणि वाट अरुंद झाली की खर्च झपाट्याने वाढतो. नळीचा व्यास निम्मा झाला, तर तेवढ्याच दाबाने वाहणारे पाणी निम्मे नव्हे, सुमारे सहावा हिस्सा उरते!

आता निदानाच्या पायऱ्या पाहू. पहिला प्रश्न असा की, धार एकाच नळाची बारीक आहे की सर्वांची? एकाचीच असेल, तर त्याच्या तोंडाची जाळी काढून पाहावी. तीत वाळूचे कण व गंजाचे कपटे अडकलेले असतात. जाळी स्वच्छ असेल, तर वॉशर फुगला आहे काय ते पाहावे.

दुसरा प्रश्न, दोष सरकारी नळात आहे की आपल्या टाकीनंतरच्या नळीत? त्यासाठी मीटरजवळच्या नळाची धार पाहावी. तीच बारीक असेल, तर शेजाऱ्यांकडे विचारावे. सर्वांचीच तक्रार असल्यास ती एकत्रितपणे पाणीपुरवठा खात्याकडे न्यावी. आपल्याच घरी असेल, तर मीटरजवळची झडप पूर्ण उघडी आहे ना, हे पाहावे. पाणी चालू असताना घरातील सर्व नळ व टाकीत पाणी सोडणारी झडप बंद करावी. तरीही मीटर फिरत राहिला, तर जमिनीखाली गळती आहे असे समजावे.

आमच्या घरी मीटरजवळची धार जोरकस होती. म्हणजे दोष टाकीनंतरचा. तेव्हा आम्ही तिसरी परीक्षा केली. पारदर्शक नळीचे एक टोक स्वयंपाकघराच्या नळाला घट्ट बसविले व दुसरे टोक खिडकीतून छपराकडे उंच धरले. काका शिडीवर, आम्ही खाली. नळ उघडताच नळीतील पाणी चढत चढत टाकीतील पाण्याच्या पातळीशी येऊन थांबले. उंची पुरेशी होती, दाबही होता. मग न्हाणीतील नळ उघडला. त्याबरोबर नळीतील पातळी जवळजवळ 2 मीटर खाली आली! थोडी घसरण स्वाभाविक असते, एवढी नव्हे.

याचा अर्थ काय? स्वयंपाकघराच्या फाट्यातून त्या वेळी पाणी वाहतच नव्हते. तेव्हा दाबाचा ऱ्हास त्या फाट्यात होणे शक्य नाही. तो टाकी आणि दोन्ही फाटे फुटतात ती जागा यांमधील सामाईक भागातच व्हायला हवा. तेथील झडप पूर्ण उघडी होती. तिच्यापुढचा जुना लोखंडी तुकडा प्लंबरकडून काढविला, तो आत गंजाचे इतके थर की जेमतेम करंगळी जाईल एवढीच वाट उरलेली! जांभ्या दगडाच्या भूमीतील विहिरीचे पाणी पुष्कळदा किंचित आम्लधर्मी व लोहयुक्त असते; आणि पूर्वी आमची टाकी विहिरीच्याच पाण्याने भरत असे. तो तुकडा बदलून प्लास्टिकची नळी घातली. आता बालदी 40 सेकंदांत भरते.

ज्या घरी टाकीच बुटकी असेल, त्यांनी ती उंचावर घ्यावी. नळी मध्येच कमानीसारखी उंच गेली असेल, तर तेथे हवा अडकते. ती कमान काढून टाकावी.

राहिला पंप. सरकारी नळाला थेट पंप जोडला, तर आपली धार वाढते ती शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढून. शिवाय मुख्य नळीतील दाब उतरला, म्हणजे तिच्या भेगांतून बाहेरचे गढूळ पाणी आत शोषले जाते, आणि ते सर्वांच्याच पोटात जाते. असा पंप कोणी लावू नये.

आमच्या शोधाला लागले ते केवळ एक बालदी, एक घड्याळ आणि थोडी नळी. विद्यार्थी मित्रांनी आपापल्या घरी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. आजीने विहिरीचा दोर गुंडाळून खुंटीला टांगून ठेवला आहे.