‘परीक्षा झाल्या की सोडतो’: रखडलेल्या घरव्यवहाराविषयीचे समज-गैरसमज

पिंपरी-चिंचवडमधल्या रहाटणीत कोकणे चौकाच्या आसपास पंधरा-वीस वर्षांच्या सोसायट्या आहेत. तिथला टू बीएचके विकायला काढणारा माणूस पुष्कळदा स्वतःही कुठेतरी गिऱ्हाईकच असतो. पुनावळ्याला किंवा रावेतला त्यानं मोठं घर बुक केलेलं असतं. तिथला बिल्डर लांबवतो म्हणून हा लांबवतो. मग चाकणच्या कंपनीत पाळ्या करणारं, काळेवाडीत भाड्यानं राहणारं आणि आयुष्यातलं पहिलं घर घेऊ पाहणारं जोडपं दोघांच्याही उशिराचं भाडं भरत बसतं. विक्रेता लबाडच असतो असं नाही. पण त्याच्या अडचणीला कागदावर तारीख नसली की ती अडचण तुमची होऊन बसते. अशा वेळी एजंट, मेहुणा आणि ‘आम्ही यातून गेलोय’ म्हणणारे सहकारी जे कायदे सांगतात, त्यातले बरेचसे कुठल्याच पुस्तकात नसतात.

‘पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलीय, आता व्यवहार पक्का.’

पक्का नव्हे. नोटरी केलेल्या विसार पावतीवरून पैसे दिले-घेतले गेल्याचं दिसतं, तेवढ्यापुरता तिचा उपयोग आहे. पण दुय्यम निबंधकाच्या दप्तरी तिची नोंद नसते. उद्या विक्रेत्याला दोन लाख वाढवून देणारा दुसरा कोणी भेटला आणि त्यानं वकिलाकडून सर्च घेतला, तर तुमची पावती त्यात कुठेही सापडणार नाही. नोंदणी केलेलं साठेखत मात्र इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या सूचीत, दिसतं. साठेखतानं मालकी मिळत नाही, ती खरेदीखतानंच मिळते. तरीही ‘या घरावर आमचं नाव लागलंय’ हे जगाला सांगण्याचा तोच खरा मार्ग आहे.

साठेखत नोंदवायला लोक का कचरतात, ते उघड आहे. पुनर्विक्रीत बहुधा साठेखतावरच पूर्ण मुद्रांक शुल्क भरलं जातं. पिंपरी-चिंचवडमध्ये ते सात टक्के आहे आणि घर बाईच्या नावावर असेल तर सहा. व्यवहार फिसकटला तर हे पैसे बुडतील, अशी भीती असते. इथे आणखी एक गैरसमज आडवा येतो. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे ताबा घेण्याआधी आणि करारापासून पाच वर्षांच्या आत नोंदणीकृत रद्दलेख केला, तर भरलेलं शुल्क परत मागता येतं. त्यासाठीचा अर्ज रद्दलेखाच्या नोंदणीपासून सहा महिन्यांत करावा लागतो. काही रक्कम कापली जाते आणि खेटेही घालावे लागतात, पण सात टक्के पाण्यात गेले असं होत नाही.

‘विक्रेता फिरला तर दुप्पट बयाणा मिळतो.’

हा समज इतका जुना आणि इतका सार्वत्रिक आहे की कायद्यात तो नाही हे सांगितल्यावर लोक सांगणाऱ्याकडेच संशयानं बघतात. दुप्पट रक्कम देण्याची अट तुमच्या करारात लिहिलेली असेल, तरच तिच्याविषयी बोलता येतं. तीही आपोआप हातात पडत नाही. भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा धरली जाते आणि तिच्या आत वाजवी भरपाई किती, ते न्यायालय ठरवतं. म्हणून दुप्पट बयाण्याच्या आशेवर राहण्यापेक्षा एक साधं कलम घालून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं: अमुक तारखेपर्यंत खरेदीखत आणि ताबा दिला नाही, तर पुढच्या प्रत्येक महिन्याला अमुक रक्कम उरलेल्या किमतीतून वजा होईल. हा आकडा तुमच्या घरभाड्याएवढा ठेवला तर त्याला अवाजवी म्हणणं विक्रेत्यालाही कठीण जातं.

‘तारीख उलटली, म्हणजे करार आपोआप रद्द झाला.’

हे वाक्य दोन्ही बाजूंकडून ऐकू येतं. भाव वाढलेला असला तर विक्रेता म्हणतो आणि कंटाळलेला असला तर खरेदीदार म्हणतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात मुदत हाच कराराचा गाभा आहे असं सहसा गृहीत धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं डिसेंबर १९९२ मध्ये चांद राणी खटल्यात हे तत्त्व मांडलं. त्याच वेळी, करारातल्या शब्दांवरून किंवा परिस्थितीवरून मुदत हाच गाभा असल्याचं दिसत असेल तर ती तशीच धरली जाईल, हेही स्पष्ट केलं. म्हणून साठेखतात नुसती तारीख घालून भागत नाही, ‘मुदत हा या कराराचा गाभा आहे’ असं वाक्यही हवं. ते राहून गेलं असेल तर वकिलामार्फत नोटीस द्यावी, वाजवी मुदत ठरवून द्यावी आणि ती उलटल्यावर आपण काय करणार तेही लिहावं. व्हॉट्सॲपवरचं ‘दादा, कधी होईल?’ हे काही मुदत देणं नव्हे.

‘कोर्टात गेलं तरी पैसेच परत मिळतात, घर नाही.’

पूर्वी करार पुरा करून घेण्याचा हुकूम द्यायचा की नाही, हे बरंचसं न्यायालयाच्या मर्जीवर होतं. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात झालेली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली. तेव्हापासून कायद्यातले अपवाद वगळता असा हुकूम देणं हाच नियम झाला. मात्र खरेदीदारानं आपण पहिल्यापासून तयार आणि राजी होतो, हे सिद्ध करावं लागतं. कर्जमंजुरीचं पत्र, खात्यातली शिल्लक आणि ‘आम्ही नोंदणीला यायला तयार आहोत’ असे तारखेसकट पाठवलेले निरोप इथे कामाला येतात. म्हणूनच बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत संपू देऊ नका. ती महिन्यांतच मोजलेली असते. दावा लावायला ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं मिळतात, आणि तारीख ठरलेलीच नसेल तर विक्रेत्यानं नकार दिल्याचं कळल्यापासून. दावा चालायला किती वर्षं लागतील, ते मी सांगत नाही. तुमच्या ओळखीत कुणाचा तरी चालू असेलच.

‘महारेराकडे तक्रार करू.’

विकणारा बिल्डर असेल तर जरूर करा. शेजारच्या सोसायटीतले काका विकत असतील तर महारेरा तुमच्या कामाचं नाही. एकट्यादुकट्या घरमालकाची पुनर्विक्री रेरा कायद्यात येत नाही, तिथे दिवाणी न्यायालय हाच रस्ता आहे.

बिल्डरच्या बाबतीतला सगळ्यात महागात पडणारा समज मात्र वेगळाच आहे: ‘महारेरानं प्रकल्पाला मुदतवाढ दिली, आता आपण काही बोलू शकत नाही.’ बोलू शकता. मुंबई उच्च न्यायालयानं ६ डिसेंबर २०१७ च्या नीलकमल रिअल्टर्स निकालात सांगितलं की नोंदणी करताना दाखवलेल्या नव्या तारखेमुळे करारातली ताब्याची तारीख बदलत नाही. ती तारीख टळली की रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे दोन वाटा उघडतात. बाहेर पडून सगळे पैसे व्याजासह परत घ्यायचे, किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घ्यायचं. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा दोन टक्के जास्त असतो. पैसे परत मागण्याचा हक्क बिनशर्त आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ नोव्हेंबर २०२१ ला न्यूटेक प्रकरणात म्हटलं आहे. अर्थात आदेश म्हणजे रोकड नव्हे. बिल्डरनं पैसे दिले नाहीत तर वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. तिथे पुन्हा रांग असते. ‘फिट-आउट पझेशन’ म्हणून किल्ली हातात टेकवली, तरी भोगवटा प्रमाणपत्राशिवाय तो कायदेशीर ताबा ठरत नाही. आणि बिल्डरवरच्या रागापोटी बँकेचा हप्ता थांबवू नका. बिघडेल तो तुमचा सिबिल स्कोअर.

‘कागद बँकेत अडकलेत, त्याला विक्रेता तरी काय करणार?’

करण्यासारखं बरंच आहे. विक्रेत्याच्या घरावरचं कर्ज फिटलं की बँकेनं मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात. बँकेमुळे उशीर झाला तर रोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. ‘सोसायटी एनओसी देत नाही’ हेही असंच एक कारण. आदर्श उपविधींप्रमाणे घर हस्तांतरित करायला सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतच नाही, ते मागते ती बहुधा कर्ज देणारी बँक.

खरी वेळ खाणारी कारणं वेगळी असतात. ती बयाणा देण्याआधीच विचारून घ्यायला हवीत. घर वडिलांच्या नावावर होतं का? नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्यामुळे बहिणींच्या सह्या लागतील. विक्रेता अमेरिकेत आहे का? मग कुलमुखत्यारपत्र आणि करकपातीचा दाखला यांत महिने जाऊ शकतात, आणि नेहमीची एक टक्का कपात तिथे चालत नाही. घर पूर्वीच्या नवनगर विकास प्राधिकरणाच्या जमिनीवर आहे का? ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची, हस्तांतराला परवानगी लागते. शिवाय २०२१ मध्ये प्राधिकरण विसर्जित झाल्यामुळे ती महापालिकेकडून घ्यायची की पीएमआरडीएकडून, हे आधी पाहावं लागतं. रहाटणी, थेरगाव, काळेवाडी भागातल्या गुंठ्या-दीड गुंठ्यावरच्या बांधकामांची गोष्ट आणखी निराळी. अनधिकृत बांधकामांवरचा शास्तीकर २०२३ मध्ये माफ झाला, पण कर माफ होणं म्हणजे बांधकाम नियमित होणं नव्हे. ‘दोन महिन्यांत नियमित करून देतो’ असं म्हणणाऱ्याला बयाणा देऊन वाट पाहू नये, काम करून आणल्यावरच द्यावा.

शेवटचा समज खरेदीखतानंतरचा. पैसे पोहोचले, सह्या झाल्या, पेढे वाटून झाले, आणि विक्रेता म्हणतो, ‘मुलांच्या परीक्षा झाल्या की सोडतो.’ नाही म्हणणं जड जातं. ‘आता घर आपलंच आहे, दोन महिने राहू दे’ म्हणून आपण सोडून देतो. राहू द्यावं की, पण लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार करून, त्यात सोडण्याची तारीख घालून. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही जो हलत नाही, त्याच्याविरुद्ध दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. आणि त्या काळासाठी त्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. बयाण्यात जे दुप्पट मिळेल म्हणून सगळे सांगत होते, ते कायद्यात आहे ते इथे.