ग्रीन कार्ड रिन्यूअलला टाकलंय, मग गावी यायचं की नाही?

हा भाग मी जानेफळहून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मधेच ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या. बहिणीच्या लग्नासाठी आम्ही दोघं आलोय. माझा वर्क व्हिसा आहे आणि बायको ग्रीन कार्डवाली. तिच्या कार्डाची दहा वर्षांची मुदत संपलीये आणि नवीन कार्डाचा अर्ज पेंडिंग आहे. घरात पाऊल टाकल्याबरोबर आत्याने तिला विचारलं, "काहून वं, कार्ड संपलं त तुले परत घेतीन का ते?"

आत्याचा प्रश्न एकदम बरोबर आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून हेच विचारलंय. तर आज याचं उत्तर नीट, पायरीपायरीने बघू. आधीच सांगतो, मी इंजिनियर आहे, वकील नाही. तिकीट काढायच्या आधी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे यूएससीआयएसच्या वेबसाइटवर ताजा नियम एकदा वाचून घ्या. हे नियम बदलत असतात.

कार्ड संपतं, दर्जा संपत नाही

तुमच्याकडचा सातबाऱ्याचा कागद जुना झाला, फाटला, तरी शेत तुमचंच राहतं ना? मालकी तलाठ्याच्या दप्तरात असते, कागद फक्त तिचा पुरावा. ग्रीन कार्डाचंही तसंच. परमनंट रेसिडेंट हा दर्जा वेगळा आणि खिशातलं कार्ड वेगळं. दहा वर्षांचं कार्ड संपलं म्हणून दर्जा जात नाही. तुम्ही स्वतः सोडला किंवा कायदेशीर प्रक्रिया होऊन काढून घेतला, तरच तो जातो.

मग अडचण कुठे येते? विमानतळावर. तिथे दर्जा दिसत नाही, पुरावा बघतात.

"पेंडिंग" हा शब्द तीन ठिकाणी, तीन अर्थांनी

सगळा घोळ इथे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतो: "ग्रीन कार्ड पेंडिंग असताना देश सोडला की अर्ज रद्द." हे एका अर्जाबद्दल बरंचसं खरं आहे, बाकीच्यांबद्दल नाही.

पहिला, आय-४८५. अमेरिकेत राहूनच पहिल्यांदा ग्रीन कार्ड मागायचा अर्ज. हा पेंडिंग असताना अ‍ॅडव्हान्स पॅरोल नावाची परवानगी न घेता बाहेर पडलात, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. एच-वन-बी किंवा एल व्हिसावाल्यांना यात सूट आहे, पण ती अटींसकट. फॉरवर्डमधली भीती या अर्जाची आहे.

दुसरा, आय-९०. दहा वर्षांचं कार्ड नवीन करायचा अर्ज. इथे दर्जा आधीच मिळालेला असतो. अ‍ॅडव्हान्स पॅरोलचा प्रश्नच येत नाही. बाहेर जाता येतं, परत येता येतं.

तिसरा, आय-७५१. लग्नामुळे ग्रीन कार्ड मिळालं आणि त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नव्हती, तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. मग मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत, शक्यतो नवरा-बायकोने मिळून, अट काढून टाकायचा अर्ज करावा लागतो. हा पेंडिंग असतानाही प्रवास करता येतो. पण हे साधं रिन्यूअल नाही. आय-९० नाकारला तर कार्ड मिळत नाही, दर्जा राहतो. आय-७५१ नाकारला तर दर्जावरच गदा येते. म्हणून या लोकांनी लांबचा मुक्काम ठरवताना जास्त विचार करावा. इंटरव्ह्यूचं बोलावणं कधीही येऊ शकतं.

हा फरक मी एवढा घोळवून का सांगतोय? माझ्या ओळखीतली एक मुलगी वडील गेले तेव्हा आली नाही. अग्नी देताना तिने व्हिडिओ कॉलवर बघितलं. "अर्ज पेंडिंग आहे, बाहेर पडू नको," असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. तिचा अर्ज आय-९० होता. ती येऊ शकली असती.

पावतीची ताकद

अर्ज भरला की आय-७९७ नावाची पावती येते. ती नुसती पोच नाही, तुमच्या संपलेल्या कार्डाची मुदत वाढवणारं पत्रही असते. १० सप्टेंबर २०२४ पासून आय-९० ची पावती कार्डावरच्या तारखेपासून ३६ महिने मुदत वाढवते. त्याआधी हे २४ महिने होतं. आय-७५१ साठी २०२३ च्या जानेवारीपासून ४८ महिने मिळतात. म्हणजे कार्डावर मार्च २०२६ लिहिलंय आणि आय-९० ची पावती हातात आहे, तर मार्च २०२९ पर्यंत कार्ड चालू समजायचं.

पण जोडीने. पावती एकटी चालत नाही, संपलेलं कार्ड सोबत हवंच. आणि मूळ पावती न्या. मोबाइलमधला फोटो बॅकअप म्हणून ठेवा, त्याच्या भरवशावर राहू नका.

अजून एक. नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे एन-४००, केला असेल तर १२ डिसेंबर २०२२ पासून त्याची पावतीही कार्डाची मुदत २४ महिने वाढवते. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि ते आय-९० ची फी उगाच भरतात.

खरी परीक्षा काउंटरवर

अमेरिकेत उतरल्यावर अधिकाऱ्यासमोर तुमची नोंद कॉम्प्युटरवर असते. त्याआधीचा अडथळा म्हणजे मुंबई किंवा दिल्लीचा चेक-इन काउंटर. पुरेशी कागदपत्रं नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो, म्हणून काउंटरवरचा माणूस घाबरून असतो. संपलेली तारीख दिसली की तो थांबवणारच. चिडू नका. पावतीवरचं मुदतवाढीचं वाक्य आधीच हायलाइट करून ठेवा आणि शांतपणे दाखवा. तरी नाही पटलं तर सुपरवायझरला बोलवायला सांगा. कंपन्या टिमॅटिक नावाच्या सिस्टीममध्ये नियम बघतात, तिथे तपासायची विनंती करा. यासाठी विमानतळावर एक तास जास्तीचा ठेवा.

मधे कुठे थांबणार तेही बघा. पावती हे अमेरिकेचं पत्र आहे, ते मानायचं की नाही हे दुसरा देश ठरवतो. युरोपातल्या काही विमानतळांवर भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळणारी सूट संपलेल्या कार्डावर मिळेलच असं नाही. थेट विमान सगळ्यात बरं. नाहीतर एकाच तिकिटावर आखातातून या.

आता आडनाव. आपल्याकडे लग्नानंतर पासपोर्टवर सासरचं नाव येतं, ग्रीन कार्डावर माहेरचंच राहतं. तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच काढा आणि विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा. लग्न गावात झालं असेल तर हा दाखला ग्रामपंचायतीतून मिळतो.

किती दिवस राहायचं?

सहा महिन्यांच्या आत परतलात तर सहसा काही कटकट नाही. त्यापुढे प्रश्न वाढतात आणि नागरिकत्वासाठी मोजला जाणारा सलग वास्तव्याचा काळ तुटला असं धरलं जाऊ शकतं. वर्षाच्या वर राहायचं असेल तर री-एंट्री परमिट लागतं. त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, इथे येऊन होत नाही. आई-वडिलांच्या आजारपणासाठी येणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा, कारण "महिनाभर" म्हणून आलेला माणूस कधी वर्षभर अडकतो ते त्यालाही कळत नाही.

मागे अमेरिकेत काय चालू राहतं?

बोटांच्या ठशांची अपॉइंटमेंट येऊ शकते. न सांगता चुकवली तर अर्ज सोडला असं समजून नाकारू शकतात. म्हणून ऑनलाइन अकाउंट आठवड्यातून दोनदा उघडा आणि तारीख जमत नसेल तर त्या तारखेच्या आधीच बदलून घ्या. नवीन कार्डही अमेरिकेच्या पत्त्यावरच येतं. टपालपेटी बघायला विश्वासाचं माणूस ठेवा.

कार्डच हरवलं तर?

इथे असताना कार्ड चोरीला गेलं तर आय-१३१ए हा अर्ज भरून अमेरिकेच्या वकिलातीत जायचं, आपल्यासाठी जवळची म्हणजे मुंबईची. तिथून विमानात बसण्यापुरता कागद मिळतो. आधी पोलिसांत तक्रार द्या, प्रत जपून ठेवा.

अधिकाऱ्याने आय-४०७ नावाचा फॉर्म पुढे केला तर न वाचता सही करू नका. तो ग्रीन कार्ड स्वखुशीने सोडायचा फॉर्म आहे. सही करायची सक्ती नसते. इमिग्रेशन न्यायाधीशासमोर बाजू मांडायचा हक्क तुम्हाला आहे.

कॅनडा, ऑस्ट्रेलियावाल्यांनो

वरचं सगळं अमेरिकेचं. कॅनडात पीआर कार्ड साधारण पाच वर्षांचं असतं आणि रिन्यूअलच्या पावतीने मुदत वाढत नाही. बाहेर असताना कार्ड संपलं तर विमानात बसण्यासाठी पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट काढावं लागतं, आणि पाच वर्षांत ७३० दिवसांची अट पाळलीत का तेही तेव्हा तपासतात. ऑस्ट्रेलियात पीआर राहतो, पण प्रवासाची सोय सहसा पाच वर्षांनी संपते. मग रेसिडेंट रिटर्न व्हिसा घ्यावा लागतो, तो शक्यतो निघायच्या आधीच. त्यामुळे चुलतभावाचा सल्ला ऐकताना तो कुठल्या देशात राहतो ते आधी विचारा.

निघायच्या आधी

आपला अर्ज नक्की कोणता, ते पावतीवर वाचा. संपलेलं कार्ड, मूळ पावती, पासपोर्ट आणि विवाह दाखला एका फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल हातातल्या बॅगेत. आमची फाइल आत्याला दाखवली. तिने पावती उलटून पालटून बघितली आणि म्हणाली, "मंग ठीक आहे. लग्न झाल्यावर सावकाश जाय."

तुमचा प्रश्न यात आला नसेल तर व्हॉइस नोट पाठवा, अर्जाचा नंबर मात्र कोणालाच पाठवू नका. पुढच्या भागात री-एंट्री परमिटबद्दल सविस्तर बोलू. भेटूया!