हाफ इंजिन करण्याआधी

1972 साली अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनीअरिंगनं इटलीतल्या पियाज्यो कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडवरून लुना बनवली. तिचं 50 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि लाकूड कापायच्या चेन-सॉचं इंजिन ही सख्खी भावंडं आहेत. डाळिंबाच्या बागेत वापरायचा पाठीवरचा फवारणी पंपही बहुधा त्याच घराण्यातला. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अवजारांच्या खोलीत धूळ खात पडलेलं असं एखादं यंत्र पुन्हा चालू करावं असं नवशिक्याला वाटतं, तेव्हा पहिला सल्ला ठरलेला असतो : हाफ इंजिन करून टाका. म्हणजे ब्लॉक काढा, बोअर करून आणा, पिस्टन-रिंगा नव्या घाला. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. टू-स्ट्रोक इंजिनाचा जीव जितका पिस्टनच्या वर असतो तितकाच खालीही असतो. खालची बाजू न तपासता वरची नवी केली, तर नवा पिस्टनही जुन्याच्या वाटेनं जातो.

याचं कारण या इंजिनाच्या रचनेतच आहे. जोसेफ डे या इंग्रज अभियंत्यानं 1890च्या सुमारास झडपांचा सारा संसार काढून टाकण्यासाठी एक युक्ती केली. पिस्टन वर जाताना त्याच्याखालच्या बंद क्रँककेसमध्ये पोकळी होते आणि कार्बोरेटरकडून हवा-पेट्रोलचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन सिलिंडरच्या बाजूच्या वाटांनी वर चढतं. क्रँककेस इथं केवळ क्रँकचं घर नाही, तो पंप आहे. पूर्ण वेगातल्या चेन-सॉचा क्रँक मिनिटाला 12,000 फेरे घेतो, म्हणजे हा पंप सेकंदाला 200 वेळा श्वास घेतो. या पंपाला गळती चालत नाही. आणि ती अडवून कोण धरतं, तर क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी ऑइल सीलं, ब्लॉकखालचं कागदी पॅकिंग, क्रँककेसच्या दोन अर्धुकांमधला सांधा आणि कार्बोरेटरचा जोड.

सील कडक होऊन फटीतून बाहेरची हवा आत येऊ लागली की मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण घटतं. फोर-स्ट्रोकमध्ये वंगण वेगळं असतं. इथं ते पेट्रोलमधूनच येतं, त्यामुळे उष्णता वाढते त्याच वेळी वंगण कमी पडतं. पुढचं काम प्रसरणाचं. ओतीव लोखंडापेक्षा अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. 40 मिलिमीटर व्यासाचा पिस्टन 200 अंशांनी तापला तर मिश्रधातूतलं सिलिकॉन जमेला धरूनही व्यास सुमारे 0.15 मिलिमीटरनं वाढतो. सिलिंडर पंख्यांमुळे थंड राहतो, तो इतका वाढत नाही आणि दोघांमधली मोकळीक असते मिलिमीटरच्या काही शतांशांची. मग इंजिन जॅम होतं. अशा वेळी ‘पेट्रोलमध्ये ऑइल जास्त टाका’ हा उपाय सर्रास सांगितला जातो. पण त्याच जेटमधून तेवढंच द्रव जात असताना ऑइल वाढलं तर पेट्रोल कमी होतं. फरक थोडा असेल, पण तो नको त्या दिशेला आहे आणि गळती तर जागच्या जागी राहते.

म्हणून ब्लॉकला पाना लावण्याआधी सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टच्या तोंडातून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहावा. तो बोलका साक्षीदार आहे. एक्झॉस्टकडच्या बाजूलाच ओरखडे असतील तर दोष उष्णतेचा, बहुतेक वेळा कमी पेट्रोलचा. चहूबाजूंनी सारखेच ओरखडे म्हणजे ऑइल घालायचं राहून गेलं. कार्बोरेटर काढल्यावर आत येण्याच्या बाजूला पिस्टन मॅट आणि झिजलेला दिसला, तर धुळीनं फिल्टर चुकवला आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा निकाल वारंवार लागतो. प्लगचं टोक पांढरंफटक दिसलं तर संशय पुन्हा हवेवर जातो. हे सगळं वाचायला एकही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही. (बोअरिंगचा सल्ला चेन-सॉला तर लागूच नाही. तिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून कठीण धातूचा पातळ लेप असतो; बोअर केलं की तोच निघून जातो.)

यात अलीकडे एक नवी भर पडली आहे, आणि तिचं मूळ याच जिल्ह्यात उगवतं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्यापासून नगरच्या उसाचा इतिहास सांगितला जातो. आज त्याच उसाच्या मळीचं आणि रसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे 14.7 भाग लागतात तिथं या मिश्रणाला साधारण साडेतेरा पुरतात. जुन्या जेटवर ठेवलेलं इंजिन त्यामुळे गळती नसतानाही थोडं कमी पेट्रोलावर चालतं. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या प्रकारचं रबर खराब करतं. गळकं सील आणि हे पेट्रोल एकत्र आले की चुकीला जागाच उरत नाही.

म्हणून पिस्टन बदलण्याआधी गळती दाबाच्या काट्यानं तपासावी. यावर अनुभवी मिस्त्री म्हणतील की काटे-मापकं कशाला, कानानं कळतं. खरं आहे. पेट्रोल कमी पडलेलं इंजिन थ्रॉटल सोडल्यावरही लवकर शांत होत नाही, हे त्यांना लगेच ऐकू येतं. पण नवशिक्याकडे तो कान नसतो. काटा ही त्याची उसनवारी आहे. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी : सीलं स्वस्त असतात, सरसकट बदला. जरूर बदलावीत. मात्र गळती पॅकिंगमधून किंवा सांध्यातूनही असू शकते, आणि नवं सील बसवताना त्याची ओठासारखी कड चिरली तर तेही गळतं. तपासणी नंतरही लागतेच. तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो : ही धुरकट इंजिनं वाचवायचीच कशाला? टू-स्ट्रोकमध्ये आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या वाटा काही क्षण एकाच वेळी उघड्या असतात, त्यामुळे ताज्या मिश्रणाचा मोठा हिस्सा न जळताच निसटतो. दुरुस्तीनं हा दोष जात नाही. रोजच्या प्रवासासाठी जुनी लुना जपावी असं म्हणता येणार नाही. 2024 साली तिची विजेवरची आवृत्ती बाजारात आली आहे. पण खोलीत आधीच असलेली करवत वर्षातून चार दिवस चालवायची असेल, तर ती सारखी जॅम होऊन पिस्टन खाण्यापेक्षा नीट चाललेली बरी.

तपासणीचं सामान साधं आहे. चेन-सॉ असेल तर आधी चेन आणि बार काढून ठेवा. रबराच्या तुकड्यांनी एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरचं तोंड बंद करा, प्लगच्या भोकात नळी घट्ट बसवा आणि तिला रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा व काटा जोडा. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे क्रँककेस आणि सिलिंडर एकच पोकळी होते. 250 ते 300च्या खुणेपर्यंत हवा भरा. एवढ्यानं दाब 0.4 बारच्या आसपास जातो. काटा उतरू लागला तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठं येतात ते पाहा. काही सीलं दाब धरतात पण पोकळीत गळतात, तेव्हा जमल्यास हवा ओढूनही तपासा. काटा मिनिटभर जागचा हलला नाही, तरच पिस्टन मागवा.